चार कॅमेरे आणि नासका नारळ

मामा उलटे चालायचे. पाठ पुढे, तोंड तुमच्याकडे आणि बोलणं अखंड चालू. उभी हयात वरातीपुढे कॅमेरा खांद्यावर घेऊन नवरदेवाकडे बघत मागे सरकण्यात गेली, त्यामुळे पायांना तेच वळण लागलं होतं. जठारपेठेच्या चौकातून स्टुडिओच्या जिन्यापर्यंत ते गिऱ्हाइकाला असेच घेऊन यायचे. वाटेत सायकली, गायी, हातगाड्या, उघडी नाली, सगळं असायचं. मामा कधी कशाला धडकले नाहीत. धडकायचं ते गिऱ्हाईक, कारण त्या बिचाऱ्याचं सगळं लक्ष मामांच्या पायांकडे.

माझी नोकरी या उलट्या चालीमुळेच पक्की झाली. मी बडनेऱ्याची. वडील रेल्वेत, त्यामुळे रोज पॅसेंजरने अकोल्याला जाण्याची भीती घरात कुणालाच नव्हती. भीती होती ती व्हिडिओवाल्याच्या दुकानाची. एडिटिंगचा कोर्स मी अमरावतीला केला होता आणि काम मिळत होतं ते हे, लग्नाची शूटिंग कॉम्प्युटरवर जोडण्याचं. आई स्वतः तपासणीला आली. मामा तिला घ्यायला खाली गेले आणि "या ताई, या, पायरी सांभाळून, तिसरी पायरी फुटेल हाय" असं म्हणत अख्खा जिना उलटे चढले. वर पोचेपर्यंत आईला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून ती मला म्हणाली, "खुशाल जाय इथं. असा मानूस वाकडं काय वागीन!"

मामा हे काही त्यांचं नाव नव्हतं. दुकानाच्या पाटीवर दुसरंच नाव होतं आणि ते बँकेतल्या लोकांशिवाय कुणी घेत नसे. "लग्नात नवरीच्या मांगं मामा उभा असते, अन् समोर मी," ते म्हणायचे. "म्हंजे मीबी मामाच झालो नं?" हा हिशेब त्यांनी इतका मनावर घेतला होता की मुलगी सासरी निघाली की कॅमेऱ्यामागे ते हुंदके द्यायचे. त्यांनी शूट केलेल्या प्रत्येक बिदाईत चित्र हलतं ते त्यामुळे. मी ओघानेच भाची झाले. जिथे तिथे "माही भाची कॉम्प्युटर चालोते" अशी माझी ओळख करून दिली जायची आणि लोक खरोखरच मला त्यांच्या बहिणीची मुलगी समजायचे. मी सुरुवातीला खुलासे केले, मग सोडून दिलं.

स्टुडिओत चार कॅमेरे होते आणि मामांनी त्यांनाही नाती लावली होती. लांबून सगळा मांडव एका नजरेत घेणारी ती सासू. खाली बसून फक्त चेहरा पाहणारी ती सून. बाजूबाजूने फिरून नको ते टिपणारी नणंद. आणि सगळ्यात नवा, सगळ्यात महाग, धूळ लागली की रुसून बसणारा तो जावई. "सासूले जरा मांगं घे बे!" असं मामा भर लग्नात ओरडले आणि खऱ्या सासूबाई खुर्ची सरकवून मागे गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

या चौघांच्या कानात मात्र बोळे होते. म्हणजे कॅमेऱ्यावर बाहेरच्या माइकचं जे भोक असतं त्यात पिन गेली की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद होतो; तिथे मामांनी तार नसलेली एकेक पिन खुपसून वरून चिकट द्रव ओतला होता. त्यामागे इतिहास होता. मूर्तिजापूरकडच्या एका लग्नात पंगतीत कॅमेरावाल्याला दुसऱ्यांदा बुंदी मिळाली नाही. त्याने कॅमेऱ्यामागून मुलाच्या बापाचा जो उद्धार केला तो टेपवर उमटला, आणि सीडी वाजली ती नेमकी मुलीच्या सासरी, सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली असताना. मुलगी नांदली, पण तेवढ्यापुरतं मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून त्यांचा नियम होता, "कॅमेऱ्याले डोये असावेत, कान नाई." लग्नाच्या व्हिडिओवर सिनेमाची गाणीच टाकायची असतात, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पुढे ते बोळे आमच्या गळ्याशी आले, ते सांगणारच आहे.

ती वर्षं आमच्या भागासाठी वाईट होती. कपाशीने लोकांना कुठलंच ठेवलं नव्हतं, कर्जापायी शेतकरी जीव देत होते. दिल्ली-मुंबईच्या चॅनलवाल्यांच्या गाड्या धूळ उडवत गावोगाव फिरायच्या. कधी गोरे लोकही यायचे. त्यांना कॅमेरावाले कमी पडले की अकोल्यातले स्टुडिओ त्यांना माणसं पुरवायचे आणि काम बरं चालायचं. एकदा एक तरुण बातमीदार आमच्याकडे आला. मामांनी त्याला रीतसर उलटं चालत जिन्यावरून वर आणलं, चहा मागवला. तो म्हणाला, अमुक गावी एका घरी जायचं आहे, परवाच तिथला माणूस गेला. बायको बोलेल. "रडतानाचं मिळालं तर जास्त चांगलं."

मामांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "बाईले रडतानी मी एकाच दिवशी शूट करतो, भाऊ. मांडवातून निंगते तवा. तवा ती रडते, अन् संध्याकायी सासरी जाऊन चहा पेते. हे तुमचं काम मले नाई जमत." त्याने समजावून सांगितलं की यामुळे जगाला कळेल. मामा म्हणाले, "जगाले आमी फकस्त रडतानीच दिसतो काय?" आणि त्याला खाली पोचवायला उठले. त्या दिवशी मामा जिना सरळ उतरले, त्या पोराकडे पाठ करून. मी चकित होऊन पाहत होते. माणसाचा अपमान करायची त्यांना ठाऊक असलेली हीच एक पद्धत होती आणि त्या बातमीदाराला तो अपमान झाल्याचं कळलंसुद्धा नसेल.

यानंतर काही महिन्यांनी डीव्हीडीचं काम आलं. आमच्याच भागातले एक डॉक्टर विलायतेत राहत होते. त्यांच्या ओळखीची तिकडची एक कंपनी देशोदेशीच्या लोकसंगीताच्या डीव्हीडी काढून जगभर विकायची. डॉक्टरांच्या गावात बायकांचं खंजिरी भजनाचं मंडळ होतं. त्यांची डीव्हीडी करायचं ठरलं. चार कॅमेरे हवेत, आवाज वेगळ्या यंत्रावर स्वच्छ घ्यावा आणि कोपऱ्यात तारीख दिसू नये, अशा कंपनीच्या अटी होत्या. डॉक्टर मुंबईहून मोठं युनिट बोलावणार होते. पण मंडळाच्या प्रमुख बाईने नकार दिला.

या बाईला अख्खं गाव मोठी माय म्हणायचं. साठीच्या पुढची, काळी, उंच, हातात खंजिरी असली की दहा वर्षांनी लहान दिसणारी. आवाज असा की देवळात गायला लागली तर गावाबाहेरच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्यांना शब्द कळायचे. मामांचं नाव घेऊन ती डॉक्टरांना म्हणाली, "माह्या पोरीचं लगन यानंच शूट केलं. मी कशी रडली, कशी जेवली, सगळं यानं पाह्यलं हाय. याच्यासमोर मले लाज नाई वाटत. मुंबईवाल्यासमोर माहा गया नाई निंगनार."

गळ्याचीच तर अडचण होती. मोठ्या मायच्या घशात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. शूटिंग त्याआधी, त्याच आठवड्यात उरकायचं होतं. म्हणजे जे काही होणार ते एकदाच. पुन्हा घेऊ, असं म्हणायची सोय नव्हती. मामांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी बराच वेळ ते कॅमेऱ्यांच्या काचा पुसत बसले.

शूटिंगसाठी मामांनी अकोल्यातलंच एक मंगल कार्यालय घेतलं, कारण तिथलं कुठलं बटन कुठल्या दिव्याचं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. भर दुपारी काम करायचं होतं, म्हणून खिडक्यांना काळी ताडपत्री लावून आत आपले दिवे पेटवले. गावाहून ट्रॅक्टर भरून श्रोते आणले. आवाजाचं काम जुन्या शहरातल्या चाचांकडे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या लाउडस्पीकरचा धंदा. चाचांनी आवाज टिपायचं यंत्र बॅटरीवर लावून मांडीवर घेतलं होतं. "बिजली का क्या भरोसा, बेटा," मला म्हणाले, "अपनी बॅटरी अपनी गोद में."

चारही कॅमेरावाले लग्नातले गडी. लग्नात कॅमेरावाला पार स्टेजवर चढतो, भटजींना बाजूला सारतो, नवरीची हनुवटी वर करतो. इथे तसं झालं असतं तर एकाच्या चित्रात दुसऱ्याची पाठ आली असती. मामांनी सोपा इलाज काढला. प्रत्येकाचा एक पाय दोरीने सोफ्याच्या पायाला बांधून टाकला, दावणीला बांधतात तसा. "रागावू नोका बाप्पा," ते म्हणाले, "पाय ऐकत नाई, मले ठाव हाय."

आता नारळाचं सांगते. चार कॅमेऱ्यांची चित्रं आणि वेगळा घेतलेला आवाज नंतर कॉम्प्युटरवर अगदी एका वेळेवर जुळवावे लागतात. चित्रपटवाले त्यासाठी पाटी आपटतात. मामा नारळ फोडायचे. कवटी फुटलेली चौघांना दिसते, फुटल्याचा आवाज यंत्रात येतो. तो एक क्षण पकडून पाचही गोष्टी त्याच्यावर नेऊन ठेवल्या की पुढचं सगळं जागच्या जागी बसतं. "मुहूर्तबी होते अन् कामबी," असं मामांचं म्हणणं. अट एकच, नारळ फुटल्यावर टेप थांबता कामा नये.

मामांनी हात जोडले, चारही कॅमेरे चालू झाल्याची खात्री केली आणि नारळ फोडला. आतून काळपट पाणी आलं. वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. नासका निघाला होता.

हॉलमधल्या बायकांच्या नजरा मोठ्या मायच्या गळ्याकडे गेल्या. आणि त्याच वेळी आमच्या चारही गड्यांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट केली. टेप मागे घेतली. लग्नात दिवा विझला, पोत तुटली, असं काही अशुभ घडलं की ते टेपवर ठेवायचं नाही, मागे घेऊन त्याच्यावरच पुढचं चित्र घ्यायचं, हे मामांनीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. चौघेही भले, चौघांनाही मोठी माय आईसारखी. चौघांनी आपापल्या कॅमेऱ्यातून नारळ पुसून टाकला.

मामा दुसरा नारळ आणायला माणूस पाठवणार, तेवढ्यात मोठी मायच बोलली. "नारय नासला त नासला. माहा गया त चालू हाय नं अजून?" स्वतःच हसली, बाकीच्या बायकाही कशाबशा हसल्या, आणि तिने खंजिरीवर थाप मारली. भजन सुरू झालं. सुरू झालेलं भजन मध्ये थांबवणं मामांच्या बापाला शक्य नव्हतं. गड्यांनी धांदलीत जमेल तसे कॅमेरे चालू केले, कुणी आधी, कुणी नंतर. मामांनी दात-ओठ खात त्यांना दम भरला, "आता आभाळ पडलं तरी बटनाले हात लावू नोका!"

मोठी माय त्या दिवशी जशी गायली तशी मी नंतर कुणाला ऐकलं नाही. हातचं काही राखून ठेवायचं नाही असं ठरवून आलेली बाई होती ती. एका भजनातून दुसऱ्यात, श्वास घ्यायलाही उसंत नाही. आणि ऐन रंगात असताना लाईन गेली. आमच्याकडे विजेला लाईनच म्हणतात, आणि त्या वर्षांत ती असण्यापेक्षा नसण्याचीच सवय होती. खिडक्यांना ताडपत्री असल्याने भर दुपारी मिट्ट काळोख झाला. हॉलमध्ये घुमणारे कर्णे गप्प झाले. मोठी माय थांबली नाही. अंधारात तिचा उघडा आवाज आणि खंजिऱ्या, एवढंच. माझ्या शेजारी चाचा कुजबुजले, "अपना चालू है, बेटा, चालू है." कार्यालयाच्या मॅनेजरला जनरेटरची किल्ली सापडेपर्यंत ते तसंच चाललं. दिवे आले तेव्हा बायका गाता गाता हसत होत्या.

चहाच्या वेळी टेपा बदलल्या. मामांनी कानाशी हलवून, वाजवून, हुंगून निवडलेला दुसरा नारळ फोडला, तो खोबऱ्याने भरलेला निघाला. पण चहानंतर मोठ्या मायचा घसा बसला तो बसलाच. दुसऱ्या भागात बाकीच्या बायका गायल्या आणि ती टाळ्या वाजवत बसली.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

इकडे स्टुडिओत आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो. चहानंतरचा भाग नारळावर झटक्यात जुळला. पहिला भाग, ज्यात मोठी माय होती, तो काही केल्या जुळेना. पुसलेल्या नारळाचा आवाज चाचांच्या यंत्रात होता, पण चित्र एकाही टेपवर नव्हतं. कॅमेऱ्यांच्या टेपवर थोडाफार आवाज असता तरी कानाने जुळवता आलं असतं, पण कानात मामांचे बोळे. चारही टेपा ठार बहिऱ्या. नुसत्या डोळ्यांनी जुळवायला जावं तर भजनात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. पडद्यावर तोंड हलताना दिसतंय ते कितव्या वेळचं, कसं ओळखायचं? खंजिरीची प्रत्येक थाप दुसरीसारखीच. व्हिडिओच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. चार-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी बघणाऱ्याला खटकतं, बाईचा आवाज दुसऱ्याच बाईचा वाटायला लागतो. मी जुळवत होते, चालवून पाहत होते, आणि ते वाटत होतं.

मामांचं बोलणं बंद झालं. हे मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला त्याची भीती वाटायला लागली. गावाहून मोठ्या मायच्या सुनेचा फोन यायचा. "माय पुसते, झालं काय म्हनून. बोलता येत नाई, पर हातानं पुसते." मामा मला खुणेने सांगायचे, होऊन राह्यलं म्हण. मी म्हणायची, होतंय. फोन ठेवला की आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

विलायतेतल्या डॉक्टरांनी समजूतदारपणे सुचवलं की दुसराच भाग पाठवून द्या, कंपनीला चालेल. मामा फोनवर त्यांना "बरं, पाह्यतो" म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "त्याच्यात ती टाया वाजोते, भाची. नुसती टाया वाजोते. जगानं तिले टाया वाजोतानी पाहाव?" मला त्या क्षणी जगातल्या यच्चयावत नारळांचा संताप आला होता.

आणि अशाच एका दुपारी मी पुन्हा तोच प्रयत्न करत असताना लाईन गेली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला. मी कपाळाला हात लावला. न साठवलेलं काम गेलं होतं. मामा मागे स्टुलावर बसले होते. मग एकाएकी स्टूल आडवं पडल्याचा आवाज आला.

"भाची! तिथंबी गेली होती!"

"काय गेली होती?"

"लाईन! कार्यालयात! चौघायची एकाच टायमाले गेली नं! सासूची वेगळी, सुनेची वेगळी जाईन काय?"

मला कळायला थोडा वेळ लागला. दिवे गेले ते चारही कॅमेऱ्यांना एकाच क्षणी गेले. आणि कर्ण्यांचा घुमारा तुटला तोही त्याच क्षणी, चाचांच्या बॅटरीवरच्या यंत्रात. काळं चित्र, तुटलेला घुमारा. याहून चांगला नारळ कुठला? तो अंधाराचा तुकडा फुकट गेलेला भाग म्हणून आम्ही ढुंकूनही पाहिला नव्हता. कॅमेरे मात्र बॅटरीवरचे, आणि गड्यांनी मामांच्या दमाने टेपा तशाच चालू ठेवल्या होत्या.

गंमत अशी की हे पडताळून पाहायला लाईन लागते आणि ती तर गेलेली. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. ती दुपार कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. मामा खोलीत येरझाऱ्या घालत होते, अर्थात उलट्या. मध्येच थांबायचे, "जुळन नं भाची?" विचारायचे. मी म्हणायची, जुळेल. पुन्हा चालायला लागायचे. त्यांनी वीज खात्याला शिव्या घातल्या, मग जीभ चावून, "नोको, त्याहीनंच वाचोलं" म्हणून परत घेतल्या.

लाईन आली. मी चारही चित्रं काळोख सुरू होतो तिथे ओळीत ठेवली, आवाजाचा घुमारा तुटतो ती जागा त्यांच्याखाली आणली, थोडं मागे गेले आणि सुरू केलं. मोठ्या मायचा हात खंजिरीवर पडला आणि थाप तिथेच वाजली. तिने तोंड उघडलं आणि शब्द तिच्याच तोंडातून आला. सासू, सून, नणंद, जावई, कुठलंही चित्र लावा, तीच बाई, तोच आवाज. मी चक्क रडले. कित्येक दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं हलकं वाटलं. मामा रडले नाहीत, बिदाई नव्हती ना. ते फोनकडे धावले आणि गावाला फोन लावून सुनेला म्हणाले, "मायले सांग, झालं. आता खरंच झालं. अन् आधीचं जे सांगत होतो ते खोटं होतं म्हनून माफी माग माह्याकडून."

पुढचं काम सोपं होतं असं नाही. मामांनी हौसेने मोठ्या मायला कमळातून उगवताना दाखवलं होतं, एका भजनावरून दुसऱ्यावर जाताना गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या होत्या. कंपनीने नम्रपणे सगळ्या पाकळ्या काढायला लावल्या. मामा दोन दिवस घुश्शात होते. "गोऱ्यायले फुलंबी आवडत नाई?" पण काढल्या. डॉक्टरांनी अंधाराचा तुकडाही काढा म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी साफ नाही म्हटलं. "अंधारात ती थांबली नाई, डॉक्टरसाहेब. मंग मी काहून थांबू?" कंपनीने त्याबद्दल काही लिहिलं नाही. डीव्हीडी छापून आली तेव्हा अंधार जिथल्या तिथे होता.

आलेली डीव्हीडी आमच्या स्टुडिओतल्या चांगल्या प्लेअरवर लागेना. परदेशी डीव्हीडी परदेशी प्लेअरवरच चालते, असा त्यांचा काहीतरी कायदा होता. आम्ही हवालदिल. मोठ्या मायच्या घरी बाजारातून आणलेला चिनी प्लेअर होता, त्याला असले कायदे ठाऊक नव्हते. त्याने ती निमूट गिळली आणि दाखवायला लागला.

सगळं गाव तिच्या ओसरीत दाटलं होतं. उन्हाची तिरीप टीव्हीवर नको म्हणून दारं लोटून घेतली होती. चाचाही जुन्या शहरातून मुद्दाम आले होते. मोठी माय पुढे बसली होती, गळ्याभोवती मऊ फडकं गुंडाळलेलं, आधीपेक्षा वाळलेली, पण डोळे तेच. बोलायला गेली की नुसता वारा निघायचा. मामा तिच्यासमोर, टीव्हीकडे पाठ करून बसले. आपण केलेलं काम ते कधी बघायचे नाहीत. बघणाऱ्यांची तोंडं बघायचे.

भजन रंगात आलं, लोक डोलायला लागले आणि पडदा काळा झाला.

"गेली बे लाईन!" मागून कुणीतरी ओरडलं. "आत्ताच जायाचं होतं काय मुर्दाडाले!" दोघे-तिघे उठले, कुणी दार उघडायला निघालं. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की आवाज चालूच आहे. मोठी माय त्या काळ्या काचेमागून गात होती, गावाला ठाऊक होता त्या पूर्ण, भरल्या आवाजात. उठलेली माणसं होती तिथेच टेकली. तिच्या सुनेने तोंडाला पदर लावला.

मी टीव्हीकडे बघत होते. मामांनी माझ्या दंडाला हात लावला आणि हनुवटीने पुढे दाखवलं. मोठी माय डोळे मिटून, मान ताठ करून बसली होती. तिचे ओठ हलत होते. आवाज टीव्हीतून येत होता आणि शब्द तिच्या ओठांवर उमटत होते. ती गात होती.

मामांनी एक डोळा बारीक केला, एक आख्खी ओळ संपेपर्यंत तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग माझ्या कानाशी वाकले.

"एका फ्रेमचाबी फरक नाई, भाची."